दर पावसाळ्यात घोंगड्याला कसर, पंज्याला गंज, हिरड्याला बुरशी: घरी जमवलेली विणकामाची अवजारं आणि रंगाचं सामान कसं टिकवायचं

आषाढ सरत आला की मला एकाच तऱ्हेचे फोन सुरू होतात. कुणी निपाणीहून, कुणी खानापूरहून, कुणी इथल्याच, बेळगावच्या शहापुरातून. आजोबांचं घोंगडं ट्रंकेतून काढलं तर त्याची चाळण झालेली असते. माळ्यावर टांगलेल्या मागाच्या फणीखाली (उभे धागे जिच्या दातांतून जातात ती) पिठूळ भुसा पडलेला असतो. दऱ्यांसाठी नावाजलेल्या नवलगुंदहून हौसेनं आणलेल्या पंज्यावर, म्हणजे विणताना सूत ठोकून बसवायच्या लोखंडी दातांच्या अवजारावर, तांबूस थर चढलेला असतो, मंजिष्ठाच्या, म्हणजे लाल रंग देणाऱ्या मुळ्यांच्या, बरणीत पांढरी लव आलेली असते. आणि शेवटी ठरलेला प्रश्न येतो: गेल्या वर्षी तर सगळं झाडलं, ऊन दाखवलं, डांबराच्या गोळ्या टाकल्या, मग पुन्हा तेच कसं?

लोकर, लाकूड, लोखंड आणि रंगाचं सामान यांची दुखणी वेगवेगळी दिसतात, पण ती दरवर्षी उलटतात त्याचं कारण मला एकच दिसतं. घरातली वस्तू धड वापरात नसते आणि धड मिटवून ठेवलेलीही नसते. ट्रंकेत असते, पण श्रावणात पाहुणे आले की दाखवायला उघडली जाते. माळ्यावर असते, पण कौलांच्या फटीतून येणारी दमट हवा तिला रोज लागते. ही मधली अवस्था वस्तूला खाते.

पूर्वी घोंगडं आठ आठ महिने पेटीत पडून नसायचं. पावसात डोक्यावर खोळ, रात्री अंगाखाली, सकाळी झटकून वलणीवर. चुलीचा धूर घरभर फिरायचा. आडवं सूत नेणारा धोटा रोज इकडून तिकडे पळायचा, फणीचे दात रोज सुतानं घासले जायचे. लोकर खाणाऱ्या अळीला, म्हणजे कसरीला, अंधार लागतो, शांतता लागते आणि लोकरीत मुरलेला घाम, तेल, अन्नाचे कण असले तर फारच बरं. रोजच्या वापरात तिला यातलं निवांतपण मिळत नव्हतं. आपण जमवणारी माणसं नेमकं तेच पुरवतो.

म्हणून मृगाच्या आधी प्रत्येक वस्तूबद्दल ठरवून टाका. ही यंदा वापरात राहणार की बंद होणार? वापरात राहणार असेल तर ती उजेडात, वाऱ्यावर, हाताखाली हवी. बंद होणार असेल तर ती वैशाखाच्या कोरड्या दिवसांत स्वच्छ करून, कीड मारून, हवाबंद करायची आणि खंडेनवमीपर्यंत तिला हात लावायचा नाही. मधेच कोण आलं, कुणाला बघायचंय म्हणून उघडायची नाही. फोटो काढून ठेवा आणि ते दाखवा.

खातंय कोण, ते आधी बघा

भोक दिसलं की लोक थेट औषधाच्या दुकानात जातात. आधी भोक नीट बघा. वस्तू सुती आहे की लोकरी, यावर अर्धं उत्तर ठरतं. नवलगुंदचा जमखाना, म्हणजे दरी, सुती असतो, त्यामुळे लोकरीची अळी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. तिला लोकर, केस, पीस, शिंग असलंच काही पचतं. सुती दरी कुरतडलेली दिसली तर चंदेरी, सळसळत पळणारा तो बिनपंखी किडा (सिल्व्हरफिश) किंवा झुरळ यांच्यावर संशय घ्यावा. ते सुतापेक्षा त्यावरची खळ आणि डाग खायला येतात, आणि वरचा थर खरवडल्यासारखा दिसतो.

लोकरीवरची अळी वेगळी खूण सोडते. भिंग घ्या, घोंगडं खिडकीजवळ न्या, दशांच्या (काठाच्या मोकळ्या धाग्यांच्या) मुळाशी आणि घडीच्या आतल्या रेघेवर बघा. रेशमी जाळ्याचे बारीक पट्टे आणि त्यात अडकलेले खसखशीएवढे कण दिसतील. ते कण म्हणजे अळीची विष्ठा, आणि तिचा रंग लोकरीचाच असतो. काळ्या घोंगड्यावर काळी, मंजिष्ठाच्या पट्ट्यावर लाल. म्हणूनच ती नजरेतून सुटते. पिशवी करणारी जात तर खाल्लेल्या लोकरीनंच स्वतःची पिशवी विणते. लाल काठावरून काळ्या अंगाकडे सरकलेल्या अळीच्या पिशवीवर दोन्ही रंगांचे पट्टे स्पष्ट दिसतात. अळी कुठून कुठे गेली हे त्यावरून कळतं. आणि आपल्या घरांच्या भिंतींवर काकडीच्या बीसारखी चपटी, राखाडी पिशवी लोंबकळत असते ना, तिच्यातली अळीही कोळ्याच्या जाळ्यांबरोबर केस आणि लोकर खाते. घोंगड्याच्या खोलीत भिंतीवर त्या दिसल्या तर वेचून घराबाहेर टाका.

संध्याकाळी घरात फडफडणारा सोनेरी, तांदळाच्या दाण्याएवढा पतंग मारला म्हणजे काम झालं असं समजू नका. पतंग काहीच खात नाही, खाणारी अळी आत असते. आणि दिव्याभोवती घिरट्या घालणारा बहुतेक वेळा दुसराच कुठला तरी असतो, कारण लोकरीचा पतंग उजेडापासून पळतो.

आधी धुणं, मग औषध

नवं घोंगडं ताठ असतं ते चिंचोक्याच्या खळीमुळे. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्याला बळ यावं म्हणून विणकर कुंच्यानं खळ फासतात. विणताना ती हवीच, पण पेटीत गेल्यावर तीच खळ दमट हवेतलं पाणी ओढते आणि बुरशी सगळ्यात आधी तिच्यावर बसते. मग वर्षानुवर्षं न धुतलेल्या घोंगड्याला दर श्रावणात वास येतो आणि लोक म्हणतात लोकर कुजली. लोकर शाबूत असते, खळ कुजलेली असते.

चिंचली मायाक्काच्या जत्रेतून किंवा पट्टणकोडोलीहून आलेल्या घोंगड्याची आणखी एक गोष्ट आहे. त्यात भंडारा, म्हणजे देवाला उधळलेली हळद, असतो. देवाचा भंडारा झटकून टाकायला मन होत नाही हे मला मान्य आहे. तो ओंजळभर काढून देव्हाऱ्यात ठेवा, पण घोंगड्यात ठेवू नका. हळदीत पिष्ट (स्टार्च) असतं, ते किड्यांना हवंच असतं. शिवाय असं घोंगडं साबणाच्या चुऱ्यात बुडवलं की पिवळ्याचे तांबडे डाग होतात आणि धुणारी बाई घाबरून जाते. हळद क्षारात लाल होते, एवढंच झालेलं असतं. साबण धुवून काढून शेवटच्या पाण्यात लिंबाचा रस किंवा थोडं व्हिनेगर घाला, डाग पुन्हा पिवळे होतात.

धुवायचं ते चैत्र-वैशाखात. मोठ्या टपात साधं गार पाणी, त्यात रिठ्याचं पाणी. घोंगडं बुडवायचं, दाबायचं, उचलायचं. चोळायचं नाही, पिळायचं नाही, गरम पाणी तर अजिबात नाही, कारण लोकर आवळून तिचा जाड, घट्ट नमदा होतो. दोन-तीन पाण्यांत खळ सुटते आणि पाणी गढूळ यायचं थांबतं. खाटेवर किंवा बांबूंवर आडवं पसरून वाळवा. दोरीवर टांगलं तर पाण्याच्या वजनानं ताणून एका अंगाला लांबतं.

नैसर्गिक रंगाचे पट्टे असतील तर उन्हाबद्दल सावध राहा. दख्खनी मेंढीच्या लोकरीचा काळा रंग तिचा स्वतःचा असतो, त्याला उन्हाचं भय कमी. मंजिष्ठा आणि नीळ बऱ्यापैकी टिकतात. हळद आणि पळस उन्हात उडतात. असं कापड सावलीत, वाऱ्यावर वाळवा. जुन्या कामात हिराकस (फेरस सल्फेट) आणि हिरड्यानं केलेला काळा असेल तर त्याला आणखी जपा: लोखंडाचा तो रंग वर्षं जातील तसा धागाच ठिसूळ करतो. जुन्या गालिच्यांत काळ्या रेघा सगळ्यात आधी झिजून खाली बसलेल्या दिसतात, त्या अनेकदा किड्यानं खाल्लेल्या नसतात.

कीड मारायची कशी

ऊन दिल्यानं अळ्या सैरभैर होतात, बऱ्याच गळून पडतात, पण शिवणीत आणि दशांत चिकटलेली अंडी राहतात. म्हणून उन्हाबरोबर ताठ ब्रश हवा, दोन्ही बाजूंनी, धाग्याच्या दिशेनं, घराबाहेर. खरी खात्री मात्र थंडीची आहे. घरच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशाला दोन आठवडे ठेवलं की अंडी, अळी, पतंग सगळं मरतं. ही पद्धत संग्रहालयंही वापरतात, तिला औषध लागत नाही, रंगाला धक्का लागत नाही.

ती करताना चुकतं ते असं. घोंगडं नीट वाळलेलं नसतं. पॉलिथिनमधली हवा काढलेली नसते, मग आत दव धरतं. एवढं मोठं गाठोडं कोंबलं जातं की त्याचं पोट गार व्हायलाच दोन दिवस लागतात, आणि हळूहळू गारठणाऱ्या किड्याला सावरायला वेळ मिळतो. तेव्हा पातळ घडी घाला, दोन पिशव्यांत घाला, चिकटपट्टीनं तोंड बंद करा, खोलीच्या उबेतून सरळ गोठवणाऱ्या कप्प्यात ठेवा. वीज बराच वेळ गेली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. बाहेर काढल्यावर पिशवी एक अख्खा दिवस उघडू नका. गार लोकरीवर हवेतलं पाणी धरतं, ते पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरू दे. आधी डांबराच्या गोळ्यांत ठेवलेलं कापड अन्नाच्या फ्रीझरमध्ये मुळीच घालू नका.

गोळ्यांबद्दल माझं मत कडक आहे. नॅप्थलिनचा वास बंद डब्यात दाट साठला तरच अळी मरते. कपाटाच्या फटीतून तो घरभर पसरतो तेव्हा अळीला फार फरक पडत नाही, माणसांना पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तो माणसाला कर्करोग करू शकणाऱ्या संभाव्य पदार्थांच्या यादीत घातला आहे. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. गोळ्यांतले कपडे त्यांच्या अंगावर घातले तर तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढते. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत असं घोंगडं नको.

वेखंड, कडुलिंबाचा पाला हे मी ठेवते. त्यांनी नवा पतंग दूर राहायला मदत होते, पण आत शिरलेली अळी मरत नाही. तेव्हा गोठवल्यानंतर वेखंड, गोठवण्याऐवजी नाही.

निपाणीकडे तंबाखूची पानं किंवा काड्या घालायची रीत आहे, तिच्याबद्दल विचारणारे पुष्कळ. तंबाखू घालू नका. साठवलेल्या तंबाखूला लागणारा बारीक तपकिरी भुंगा हळकुंडालाही लागतो आणि सुक्या मुळा-सालींनाही. घोंगडं वाचवायला पान घालावं आणि तेच पान शेजारच्या मंजिष्ठाच्या डब्याला भुंगा आणून द्यावं, असं सहज होऊ शकतं. घरात लहान मूल असेल तर निकोटिनचा धोका वेगळाच.

फणी, धोटा आणि लाकडातला भुसा

बांबूच्या कांबट्यांची जुनी फणी हे जमवलेल्या अवजारांतलं सगळ्यात नाजूक काम. बांबूत पिष्ट असतं, त्यामुळे पिठूळ भुसा पाडणारा भुंगा सागाच्या गाभ्याकडे ढुंकून बघत नाही आणि फणीत पहिल्यांदा शिरतो. फणी उजेडासमोर आडवी धरा. दोन दातांच्या मधे राखाडी बोंडं दिसतील. ती खळीत माखलेली लोकर आहे, कित्येक वर्षांपूर्वीच्या शेवटच्या ताण्याची. बोटाला ती कोरडी लागते, पण जुलैत ती ओलसर, चिकट होते. कोरड्या दात घासायच्या ब्रशानं, वरून खाली, एक-एक फट मोकळी करायची. पाणी लावायचं नाही, दात बांधलेली दोरी सैल पडते. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही.

भोकं जुनी की नवी हे कळायला खाली काळा कागद ठेवा. काही आठवड्यांनी कागदावर ताजा, फिकट भुसा पडला तर किडा जिवंत आहे. काहीच पडलं नाही तर ती भोकं जुन्या काळची आहेत, त्यांना औषध पाजून उपयोग नाही. जिवंत असेल तर फणी, धोटा, टकळी, कांड्या अशा छोट्या वस्तूंना लोकरीसारखंच गोठवा. मागाच्या खांबांना ते जमत नाही. तिथे उघड्या, न रंगवलेल्या लाकडावर बोरिक पावडर आणि टाकणखार (बोरॅक्स) यांचं पाणी ब्रशानं दोन-तीन हात द्या. बांबूसाठी एक भाग बोरिकला दीड भाग टाकणखार घेतात, आणि दोन्ही मिळून पाण्याच्या ५ ते ६ टक्के. हातमोजे घाला, उरलेलं पाणी गुराढोरांच्या तोंडी लागेल असं ओतू नका. रॉकेल मारायची जुनी सवय आहे, पण रॉकेल उडून जातं आणि वास लोकरीत राहतो. धोट्याला व्हार्निश लावू नका, सूत त्यावरून पळायचं असतं.

वाळवीचं काम निराळं. भिंतीवर मातीची नळी दिसली तर लाकडाशी खेळत बसू नका, जमिनीचा बंदोबस्त आधी. तोवर खांब आणि तुळया दगडावर किंवा विटांवर, भिंतीपासून चार बोटं दूर.

आपल्या जिल्ह्याची एक अडचण परमुलखातल्या पुस्तकात सापडत नाही. अथणी-रायबागकडची हवा कोरडी आणि खानापूर-जांबोटीकडे पाऊस धो धो. अथणीच्या घरातून आणलेला माग खानापुरात लावला की पहिल्याच पावसात सांधे फुगतात, खुंट्या अडकतात. हातोडी मारून खुंटी काढू नका, लाकूड चिरतं. दिवाळीनंतर ती आपोआप ढिली होते. उलट्या दिशेनं नेलेलं लाकूड फाल्गुनात तडकतं. त्याला पहिला उन्हाळा खिडकीपासून आणि पंख्यापासून लांब, आतल्या खोलीत काढू द्या.

पंजा

पंज्यावरचा गंज दिसायला वाईट म्हणून काढायचा नसतो. हिरड्यात किंवा डाळिंबाच्या सालीत भिजवलेल्या सुतावर गंजलेला पंजा आपटला की लोखंड आणि सालीतला तुरट अंश यांचा मेळ होऊन काळे ठिपके पडतात. जुनी शाई अशीच बनवत. ते ठिपके धुऊन जात नाहीत.

बारीक स्टील वूलनं कोरडंच घासा, रॉकेलच्या फडक्यानं पुसा, पूर्ण वाळू द्या, मग मधाच्या पोळ्याचं मेण किंचित गरम करून दातांना चोळा. तेल नको, ते सुताला लागतं. हाताळल्यावर घामाचे ठसे पुसून ठेवा, गंज ठशाच्या आकारातच उठतो. ओलावा ओढणारे ते कॅल्शियम क्लोराइडचे डबे कपाटात ठेवता ना, त्यात साठणारं पाणी खारं असतं. डबा कलंडला तर एका रात्रीत पंजा खराब होईल. सिलिका जेल बरं: रंग बदलला की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. सोबत स्वस्तातला आर्द्रतामापक घ्या. आकडा ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी आणि गंज दोन्हींना मोकळं रान, आणि बेळगावात जुलै-ऑगस्टात तो ८० च्या खाली यायला तयार नसतो. म्हणून जुलैत पिशवी बंद करणं म्हणजे दमट हवा आत कोंडणं. बंद करायचं ते वैशाखातच.

रंगाच्या बरण्या

हिरडा, डाळिंबाची साल, बाभळीची साल, मंजिष्ठा, हळकुंडं: सगळं काडकन मोडेल इतकं वाळवून काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाखाली. पत्र्याच्या डब्यात हिरडा ठेवू नका. दमट पडला की पत्र्याचं लोखंड आणि हिरडा मिळून तळाशी काळा चिखल होतो, आणि त्या हिरड्यानं पुढे पिवळा काढायला गेलात तर करडा येतो. बुरशी आलेली मंजिष्ठा वरून पुसून वापरू नका. रंग मळकट येतो आणि उकळताना वाफेबरोबर वास घरभर होतो. टाकून द्या.

हिराकस हिरवा असतो. हवा लागली की पिवळट-तपकिरी होतो आणि त्याच्यावर भरवसा राहत नाही. हवाबंद हवा. तुरटीला काही होत नाही. मोरचूद (कॉपर सल्फेट) मी घरात आणतच नाही, विषारी आहे, आणि त्याच्यावाचून पुरेसे रंग निघतात. हिराकससुद्धा मुलांनी गिळला तर जिवावर बेतू शकतं. बरणीवर मोठ्या अक्षरांत मराठीत नाव लिहा, घरात कन्नड वाचणारी कामाला येत असेल तर कन्नडमध्येही. पातेली, चमचे, गाळणी स्वयंपाकाच्या कधीच नकोत, उपयोग झाल्यावर घासून परत फडताळात ठेवायच्या तर नाहीतच.

पावसाळ्यात नीळ का उतरत नाही

हा प्रश्न ऑगस्टात हमखास येतो. गूळ-चुन्याचं निळीचं पिंप उन्हाळ्यात छान चालत होतं, आता सूत फिकट निघतं किंवा धुतल्यावर रंग सगळा पाण्यात जातो.

झाकण काढून बघा. चांगल्या पिंपात वरती तांबूस चमकणारी साय आणि निळा फेस असतो, साय बाजूला केली की खालचं पाणी पिवळसर हिरवं दिसतं. खालचं पाणीच निळं असेल तर नीळ विरघळलेली नाही, नुसती तरंगते आहे. ती सुताच्या आत जाणार नाही, वर बसेल आणि धुऊन जाईल.

पहिला संशय चुन्यावर घ्या. कोरडा चुना पिशवीत राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याची खडू बनते, दिसायला तसाच पांढरा पण मेलेला. पीएच कागद, म्हणजे क्षार किती आहे ते दाखवणारा कागद, बुडवा. सुतासाठी ११ च्या आसपास हवा, लोकरीसाठी १० च्या जवळ, कारण जास्त क्षारात लोकर खरखरीत होऊन तुटते. आकडा खाली असेल तर ताजा चुना घाला. ताजा चुना टिकवायचा तर भिजवून, वर बोटभर पाणी ठेवून, झाकून ठेवा. पाण्याखाली त्याला हवा लागत नाही.

पीएच बरोबर असून पाणी निळं असेल तर गूळ कमी पडतोय किंवा पिंप गार झालंय. पिंपाला सुमारे ५० अंशांची ऊब लागते, आणि श्रावणातल्या बेळगावात बादली रात्रीत थंडगार होते. मोठ्या टपात गरम पाणी घालून त्यात बादली बसवा, वर गोणपाट टाका. उकळू नका. एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फ्रुक्टोज (फळांतली साखर) असं प्रमाण सांगतात. गूळ वापरत असाल तर तीन भाग पुरत नाही. गुळातली बहुतेक साखर निळीवर काम करत नाही, काम करतो तो त्यातला थोडा फुटलेल्या साखरेचा अंश. तो जुन्या, काळ्या, पावसाळ्यात पाघळलेल्या गुळात जास्त असतो. चहाला न चालणारी ती ढेप पिंपासाठी उत्तम. घातल्यावर हलक्या हातानं ढवळा, हवा मिसळेल असं घुसळू नका, आणि निदान दोन-तीन तास तरी पिंपाला सोडा. लोकर बुडवलीत तर थोड्या वेळातच काढा आणि शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घाला.

नवी वस्तू घरात येते तेव्हा

जुन्या बाजारातून किंवा पाहुण्यांच्या माळ्यावरून आलेलं घोंगडं, फणी, लोकरीची लड, काहीही असो, ती इतर संग्रहाशेजारी ठेवू नका. पॉलिथिनमध्ये बांधून वेगळ्या खोलीत ठेवा आणि जमेल तितक्या लवकर गोठवा. वापरातल्या वस्तूंची तपासणी आपल्याकडे दर अमावस्येला गाडीची, दुकानाची, अवजारांची पूजा होते त्याच दिवशी उरकावी. लोकरीच्या अळीला मोठं व्हायला साधारण दोन महिने किंवा जास्तच लागतात, त्यामुळे महिन्याची फेरी चुकली नाही तर ती पतंग होण्याआधीच सापडते. घडी पूर्ण उलगडा, दोन्ही अंगं बघा, घडीची रेघ बदलून पुन्हा घाला, आणि ज्या कपाटात भुसा किंवा जाळं सापडलं त्याच्या फटी व्हॅक्यूमनं ओढून त्याची पिशवी त्याच दिवशी घराबाहेर काढा.